हयात माणसाला वाहिलेली श्रद्धांजली

आदरणीय काकू, स. न. वि. वि.

मी पलूस तालुक्यातल्या एका गावच्या व्यायाम मंडळाचा सेक्रेटरी आहे. अकरा वर्षं झाली. मंडळाची तालीम आहे, मॅटवरची कबड्डी आहे, पत्र्याच्या शेडखाली बॅडमिंटनचं एक कोर्ट आहे. दर १५ जानेवारीला, म्हणजे खाशाबा जाधवांच्या जयंतीला, आमचा वार्षिक कार्यक्रम असतो. सुरुवातीला वर्षभरात गेलेल्या खेळाडूंना आणि कलावंतांना श्रद्धांजली वाहतो. नावं मी वाचतो.

गेल्या जानेवारीत यादीत सव्वीस नावं होती. त्यातलं एक शेजारच्या तालुक्यातल्या जुन्या कबड्डीपटूचं होतं, वय ऐंशीच्या पुढं. व्हॉट्सॲपवर फोटोसकट मेसेज आला, मी वहीत उतरवून घेतला. त्या नावावर मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला आणि त्यांचा कुठलातरी जुना सामना सांगत बसला. 'चड्डीची नाडी तुटली, तरी एका हातानं चड्डी धरून चौघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला' असलं काहीतरी. पोरं हसायला लागली, पाच मिनिटं गेली, पाहुणे खोळंबले. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "सेक्रेटरी का? मी बोलतोय. वर गेलेला." काकू, हातातला चहा अंगावर सांडला. मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. अजून त्यांना भेटलेलो नाही. तालुक्यात मला आता 'यमराज' म्हणतात.

यंदाची यादी करायची वेळ आली आहे. थोरले म्हणतात धर्मेंद्र पाहिजे. महिला मंडळ म्हणतं प्रिया मराठे पाहिजे, त्यावर आमचे अध्यक्ष म्हणतात मालिकेतल्या बाईचा व्यायामाशी काय संबंध. बारावीतला एक पोरगा दियोगो जोटा या पोर्तुगालच्या फुटबॉलपटूसाठी हटून बसला आहे. जुलैत तो दोन दिवस धड जेवला नव्हता, आणि त्याची आई म्हणते, मार्चमध्ये सख्खा चुलता गेला तेव्हा डोळ्याला पाणी नव्हतं. शिवाय फ्लेक्सवर वर्गणी देणाऱ्यांचे फोटो गेलेल्यांपेक्षा मोठे असतात. मला यादी नको आणि सेक्रेटरीपणही नको. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?

– एक सेक्रेटरी

सेक्रेटरी,

राजीनामा फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी असेल, यंदाची यादी तिच्यावर करा. तिथं मावेल एवढीच यादी हवी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कबूल करते. 'वर गेलेला' वाचून चष्मा काढून ठेवावा लागला. दुसऱ्यांदा मात्र एका वाक्याशी अडकले. ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. त्याच्याकडं शेवटी येते, आधी फोनचं बघू.

चूक झाली, त्यात वाद नाही. पण तुमच्या पंगतीला बरीच मोठी माणसं आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री ते गेल्याची बातमी फिरली, हिंदीतल्या नटांनी श्रद्धांजल्या लिहूनसुद्धा टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना सांगत बसावं लागलं की अहो, उपचार चालू आहेत. ते गेले २६ ला. धर्मेंद्रचंही तेच झालं. २०२५ च्या नोव्हेंबरात ११ तारखेच्या सकाळी वाहिन्यांनी त्याला संपवून टाकलं, आणि हेमा मालिनी आणि मुलीवर तो हयात असल्याचं जाहीर करण्याची पाळी आली. मग तो दवाखान्यातून घरी आला, आणि २४ ला गेला. नव्वद पूर्ण व्हायला दोन आठवडे राहिले होते. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या बायको-लेकीला 'फार वाईट झालं हो' असे फोन येत असतील, तेव्हा त्यांनी काय उत्तर द्यायचं? तुम्ही निदान एका गावापुरते चुकलात.

तेव्हा इथून पुढं नामवंत माणूस असेल तर दुसऱ्या दिवशीच्या छापील पेपरात आल्याशिवाय वहीत नाव चढवायचं नाही. जवळपासचा असेल तर मंडळातलं कुणीतरी त्या घराच्या दारात जाऊन आलेलं पाहिजे. शेजारच्या तालुक्यात जायला एसटीनं लागून लागून किती वेळ लागतो? तुमचा कार्यक्रम वर्षातून एकदाच असतो, बातमी सगळ्यांच्या आधी देण्याचं काम तुमच्याकडं कुणी दिलेलं नाही.

आता यादी. सव्वीस नावं! अशा कार्यक्रमांना मी आयुष्यभर खुर्चीवर बसत आले, त्यामुळं तुम्ही न सांगताही मला ती ऐकू येतात. आधी नाव, मग 'क्रीडाक्षेत्रातील दीपस्तंभ', मग 'कधीही भरून न येणारी पोकळी'. दरवर्षी सव्वीस पोकळ्या पडत असत्या तर तुमचा तालुका एव्हाना कृष्णेत गेला असता. त्यानंतर दोन मिनिटं स्तब्धता. सांगलीत एका मोठ्या सभागृहात मी एकदा घड्याळ लावून बघितलं, ती दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत उरकली. त्यातही एकाचा मोबाईल वाजला आणि दुसऱ्यानं तो उचलला.

ही दोन मिनिटं मुळात आपली नाहीतच. पहिलं महायुद्ध थांबल्याला वर्ष झालं तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१९ ला, इंग्रजांच्या साऱ्या राज्यभर ती पहिल्यांदा पाळली गेली. इंग्रज गेले, ती राहिली. त्यात वाईट काही नाही. पण मिरज तुमच्यापासून फार लांब नाही, जरा तिकडं बघा. गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली प्रवासात, मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनावर गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. तेव्हापासून दर उरुसाला दर्ग्यात त्यांच्या नावानं गाणं होतं. चिंचेच्या झाडाखाली बैठक बसते, लांबलांबचे गायक येऊन हजेरी लावतात. खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं आज तिथं कुणी असणं शक्य नाही, तरी माणसं रात्र रात्र बसतात. मिरजेनं त्यांना कधी गप्प राहून आठवलेलं नाही.

माझ्या वडिलांचं सांगते. ते कराड तालुक्यातले, १९५२ साली चौदा वर्षांचे. खाशाबा हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दीडशेवर गाड्या होत्या म्हणतात, त्यात एक आमची. आम्ही पोरं वडिलांना विचारायचो, पदक बघितलं का हो? खाशाबा कसे दिसत होते? त्यांना काही म्हणता काही सांगता यायचं नाही. ते सांगायचे बैलांचं. बेंदूर होऊन गेला होता, घरात थोडा हिंगूळ उरला होता, तो त्यांनी आदल्या रात्री कंदील धरून शिंगांना लावला. सकाळी हलगीच्या आवाजानं डावीकडचा बैल बुजायला लागला, म्हणून सगळ्या रस्ताभर हे त्याच्या शिंगाला धरून, कानाशी तोंड लावून चालले. खाशाबा पुढच्या गाडीत, आणि यांचं तोंड बैलाकडं. घरी आले तेव्हा दोन्ही तळहात लाल. आजीला वाटलं, पोरगं कुठंतरी सोलपटून आलं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पण १५ जानेवारी आली की मला खाशाबा आठवतात ते त्या लाल तळहातांसकट. कुठल्या वजनगटात खेळले ते मला कागद बघून सांगावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं. गावातली माणसं, मंडळाचे सभासद, जुने खेळाडू, यांची नावं सगळी वाचा, आणि सावकाश वाचा. त्यांच्या घरचे समोर बसलेले असतात. एखादं नाव राहिलं तर वर्षभर बोलतील, आणि बोलावंच त्यांनी. बाहेरच्या नामवंतांना मात्र अट घाला. ज्याला जे नाव हवंय त्यानं स्वतः उभं राहायचं आणि त्या माणसाची आपण बघितलेली, ऐकलेली एक गोष्ट सांगायची. मैदानावर बघितलेली असो, पडद्यावर नाहीतर मोबाईलवर असो. वेळ दीड मिनिट. 'दीपस्तंभ' म्हटलं की खाली बसवायचं. उभं राहायला कुणीच नसेल तर ते नाव वाचायचं नाही, मग तो भारतरत्न का असेना. त्याची आठवण काढायला देश पडलाय, पलूसवाचून त्याचं अडलेलं नाही.

बघा, तुमची निम्मी भांडणं इथंच मिटतात. थोरल्यांना धर्मेंद्र हवाय ना? एकाला उभं करा. टुरिंग टॉकीजला कुणाच्या सायकलवर डबलसीट गेलो, कुठल्या मारामारीला पुढच्याच्या डोक्यावरून बघायला मिळावं म्हणून पायाखाली वीट घेतली, आणि तसली छाती व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत किती जोर मारले, हे त्याला सांगू द्या.

आणि प्रिया मराठेचा व्यायामाशी संबंध नाही म्हणतात? नसेल. अडतिसाव्या वर्षी, २०२५ च्या ३१ ऑगस्टला, कॅन्सरनं गेली ती. त्याआधी कितीतरी वर्षं ऐन भाकरी थापायच्या वेळेला ती या बायकांच्या घरात येत होती, बऱ्याचदा खलनायिका होऊन, आणि बायका तव्यापुढनं तिला शिव्या घालत होत्या. जिला रोज शिव्या घातल्या ती गेल्याचं कळल्यावर घशाशी काय येतं, हे महिला मंडळातल्या एखादीनं उभं राहून सांगितलं तर तुमच्या अध्यक्षांनी मान खाली घालून ऐकावं. नाहीतरी ताट पुढ्यात घेऊन तीच मालिका तेही बघत असणार.

'आमचा काय संबंध' यावरून आठवलं. २०२० च्या सप्टेंबरात मी साताऱ्यात होते. अभिनेत्री आशालता एका मालिकेच्या शूटिंगसाठी साताऱ्यात आल्या होत्या, तिथंच करोना झाला, आणि २२ तारखेला त्या गेल्या. ते दिवस तुम्हाला आठवत असतील, सख्ख्याच्या अंत्ययात्रेला जाता येत नव्हतं. माझ्या शेजारच्या बाईंनी जन्मात कधी नाटक बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीत पणती लावली. मी इकडच्या कठड्यावरून विचारलं, तुमच्या कोण लागायच्या? त्या म्हणाल्या, "कुणी नाही. पण परगावची बाई, आपल्या गावात गेली ना." मला अजून यापेक्षा बरं श्रद्धांजलीचं भाषण ऐकायला मिळालेलं नाही.

आता तो पोरगा. त्याच्यासाठी मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

जोटा अठ्ठावीस वर्षांचा होता. २२ जून २०२५ ला लग्न झालं आणि ३ जुलैला स्पेनमध्ये रात्री मोटारीच्या अपघातात तो गेला. अंगावरची हळद उतरली नव्हती म्हणतात तसं. बरोबर धाकटा भाऊ होता, तोही फुटबॉल खेळणारा, तोही गेला. मागं तीन लहान मुलं. लिव्हरपूल क्लबनं त्याचा २० नंबर कायमचा काढून ठेवला, आता तो शर्ट दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. आणि सामन्याचं विसावं मिनिट लागलं की तिथले लोक त्याच्या नावाचं गाणं म्हणतात. म्हणजे तेही मिरजेकडचेच निघाले.

'हा कोण आमचा' असं तुमच्यातल्या कुणी त्याला विचारलं असेल तर ते आधी थांबवा. तुमच्या तरुणपणी हिंदकेसरी कोण झाला हे रेडिओला कान लावून ऐकणारी माणसं त्या पैलवानाच्या पंगतीला जेवलेली नव्हती. तो पोरगा मध्यरात्रीनंतर, बाप जागा होऊ नये म्हणून पांघरुणात मोबाईल धरून सामने बघत असणार. त्या वेळेला घरात त्याच्यासोबत जागं कोण होतं? जोटाच.

राहिलं चुलत्याचं. मार्चमध्ये चुलता गेला त्या दिवशी पोराला काय काय कामं लावली होती, ते त्याच्या आईला एकदा विचारा. घरात माणूस गेलं की सतरा वर्षांच्या मुलाला आपण काय करायला लावतो? गोवऱ्या आण. मडकं आण. पाहुण्यांना फोन लाव. स्टँडवरून आत्याला घेऊन ये. खुर्च्या मांड, पाण्याचा जार सांग. वर पुन्हा 'तू आता मोठा, तू रडायचं नाहीस, आजीकडं बघ.' तेरावं होईपर्यंत पोरगं मोटरसायकलवरून पळतच असतं. जोटा गेला तेव्हा त्याला कुणी कामाला लावलं नाही. तो एकटा होता आणि बसायला वेळ होता. त्या दोन दिवसांतलं सगळं रडू जोटाच्याच वाटचं होतं असं मला वाटत नाही. असलं तरी लाजण्यासारखं काही नाही.

मात्र हे त्याला समजावून सांगायला जाऊ नका. आईलाही जाऊ देऊ नका. त्याला जोटावर दीड मिनिट बोलू द्या. चुलत्याचं नाव गावातल्या यादीत असेलच, ते त्याच्या बोलण्यानंतर लगेच येईल अशी यादी लावा. पुढचं त्याचं तो बघेल.

नुसत्या तारखांची जंत्री नकोच, पण एखाद्या तारखेच्या पोटातच गोष्ट असते, ती सोडू नका. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये नंदू नाटेकरांचं नाव कधी निघतं का? सांगलीत १९३३ साली जन्मलेले. आधी टेनिस खेळायचे, ज्युनिअरच्या राष्ट्रीय स्पर्धेत फायनलला रामनाथन कृष्णननं हरवलं, आणि गडी बॅडमिंटनकडं वळला. १९५६ ला क्वालालंपूरला जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा मारणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्या यादीतही ते. २८ जुलै २०२१ ला पुण्यात गेले तेव्हा टोकियोत ऑलिंपिक चालू होतं, आणि चारच दिवसांनी सिंधूनं तिथं ब्राँझ घेतलं. टीव्हीवर सिंधूचा जल्लोष चालला होता आणि सांगलीचा हा माणूस नुकताच गेला होता, हे तुमच्या शेडमधल्या किती पोरांना ठाऊक आहे?

पद्माकर शिवलकर मार्च २०२५ ला गेले. १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर एका डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्यात १८ धावांत ५. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी. आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण डावखुरी फिरकी टाकायला बेदी होते. तुमच्या मंडळात असा एकजण असणारच, जो जिल्ह्याच्या संघाबरोबर चार वर्षं राखीव म्हणून गेला आणि ट्रॅकसूट न काढता परत आला. शिवलकरांवर त्याला बोलायला लावा. तो जे बोलेल ते कुठल्याच पेपरात छापून आलेलं नसेल.

आणि २०२१ ला मिल्खासिंगांचं नाव तुम्ही वाचलं असेलच. निर्मल कौर यांचं वाचलंत का? भारताच्या महिला व्हॉलीबॉल संघाच्या कॅप्टन होत्या त्या. १३ जूनला त्या गेल्या, १८ ला मिल्खासिंग, दोघंही करोनाच्या आजारपणात. जुनी वही काढून बघा. नसेल तर यंदा वाचा, उशीर झाला म्हणून कुणी दंड करत नाही.

फ्लेक्सचं तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंय, म्हणजे तेच घशात अडकलंय. वर्गणीदारांचे फोटो कापा असं मी सांगणार नाही, तुम्हाला त्याच गावात राहायचंय. त्यांचा फ्लेक्स गेटवर लावा, पाहिजे तेवढा मोठा. स्टेजवर मात्र कुणाचाच फोटो नको, वस्तू ठेवा. २०१४ ला ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिल ह्यूज चेंडू लागून गेला, तेव्हा जगभर लोकांनी आपापल्या दाराबाहेर बॅट टेकवून ठेवल्या होत्या. त्याच्या शेवटच्या डावापुढचं 'जखमी होऊन निवृत्त' बदलून 'नाबाद ६३' केलं. तुमच्याकडं वस्तूंना काय तोटा? एका खुर्चीवर शटल, एकीवर फुटबॉल, एकीवर घडी घातलेला लंगोट. महिला मंडळानं टीव्हीचा रिमोट आणून ठेवला तरी ठेवू द्या. हसतील लोक. हसू देत.

कुस्तीकडं तर घाईनं वळायला हवं. कवठेपिरानचे मारुती माने २०१० ला गेले, पुनवतचे गणपतराव आंदळकर २०१८ ला. दोघंही हिंदकेसरी, दोघंही १९६२ च्या जकार्ता एशियाडला पदकं घेऊन आलेले, आणि दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. त्यांना ऐन भरात असताना, मैदानाच्या कडेला मातीत बसून बघितलेली माणसं तुमच्या पंचक्रोशीत अजून असतील. दरवर्षी चार कमी होतात. तुम्ही वही घेऊन गेलेल्यांची नावं गोळा करताय आणि ज्यांनी बघितलं ते मागच्या रांगेत बसून घरी जाताहेत.

आणि आता ते वाक्य. 'पोरं हसायला लागली, पाच मिनिटं गेली, पाहुणे खोळंबले.'

सेक्रेटरी, तुमच्या सव्वीस नावांत श्रद्धांजली एकालाच मिळाली, आणि तो नेमका जिवंत निघाला. बाकी पंचवीस जणांना दीपस्तंभ मिळाले. त्या एकाला नाडी तुटलेली चड्डी मिळाली, चौघांची पकड मिळाली, मध्यरेषा मिळाली. अकरा वर्षांत तुमच्या त्या कार्यक्रमातलं दुसरं काही तुम्हाला असं शब्दन्‌शब्द आठवतंय का? मला पत्रात लिहून पाठवण्याइतकं?

तेव्हा जा त्यांच्याकडं. आधी फोन करू नका, फोनवर ते 'आता काय, दहावं कधी आहे ते विचारायचंय का' म्हणतील आणि तुम्ही परत ठेवून द्याल. सरळ दारात उभे राहा. बरोबर सांगलीचं भडंग न्या. शाल-श्रीफळ नको, श्रद्धांजलीनंतर शाल म्हणजे फारच झालं. माफी एका वाक्यात मागा. मेसेज कुणी पाठवला होता ते सांगू नका, वाचला तुम्ही होता. मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. शिव्या आल्या तर त्याही घ्या, ऐंशीच्या पुढच्या कबड्डीपटूच्या शिव्या ऐकायला मिळणं आता दुर्मीळ आहे.

थोड्या वेळानं ते एक गोष्ट विचारणार, पैजेवर सांगते. "माझं नाव घेतल्यावर कोण काय बोललं?" खाशाबा १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर सोळाएक वर्षांनी, त्यांनी काही तो बघितला नाही. आपल्यामागं लोक काय म्हणाले ते ऐकायला कुणी परत येत नाही. तुमच्या घोटाळ्यामुळं या एका माणसाला ते ऐकता येणार आहे. तेव्हा सगळं सांगा, काही गाळू नका. नाडीचं सांगा, पोरं हसली ते सांगा, पाहुणे घड्याळ बघत होते तेही सांगा. बहुतेक ते म्हणतील, चौघे नव्हते हो, दोघेच होते. नाहीतर म्हणतील पाच. वही न्या, ते सांगतील तो आकडा लिहा. १५ जानेवारीला मैदानाचं पूजन त्यांच्या हातून करा, आणि 'यमराज' म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

आणि निघताना मागच्या रांगेतल्या त्या आजोबांना गाडीत घ्या. आपला गडी अजून जिवंत आहे हे त्यांना कुणी कळवलं की नाही, ते तुमच्या पत्रात कुठंच नाही.